जुन्या मोटारसायकलची नवी बॅटरी

मोटारसायकलचे वर्णन करावयास बसलेला मनुष्य प्रथम एंजिनाविषयी बोलतो. मग चाकांविषयी, टाकीच्या रंगाविषयी आणि अखेरीस तिच्या आवाजाविषयी. बॅटरीचे नाव त्या वर्णनात सहसा येत नाही. बाजूच्या झाकणाआड किंवा आसनाखाली ती मुकाट्याने बसलेली असते, आणि जोवर तिचे काम ठीक चालले आहे तोवर तिची आठवण कोणालाही होत नाही. एके दिवशी मात्र हॉर्न घोगरा वाजू लागतो, एंजिन मंद झाले की दिवाही मंदावतो, आणि किक मारून मारून पाय थकला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरी बसली, असा निर्णय कारागीर देतो आणि नवी बॅटरी आणण्यासाठी मालक दुकानात जातो.

वाहन नवे असेल तर येथे प्रश्नच नसतो. कारखान्याने नेमून दिलेला क्रमांक सांगावा आणि बॅटरी घ्यावी. परंतु वाहन तीस, चाळीस, साठ वर्षांचे असेल, तर तो क्रमांक छापणारा कारखाना कित्येकदा बंद पडलेला असतो आणि दुकानाच्या फळीवर जे असते ते वेगळ्याच पिढीतील वाहनांसाठी केलेले असते. अशा वेळी मालक विचारतो, ‘सर्वांत चांगली बॅटरी कोणती?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो अपुरा आहे. ज्याचे दूध, ज्याची भाजी किंवा ज्याची शाळा त्या जुन्या वाहनावर अवलंबून आहे, त्याला या अपुऱ्या प्रश्नाची किंमत दोनदा द्यावी लागते: एकदा दुकानात, आणि पुन्हा एकदा घाटातल्या अंधारात, दिवा विझल्यावर. पुरा प्रश्न असा आहे की, हे वाहन आपली वीज कशी निर्माण करते आणि ती बॅटरीला कशी देते? त्याचे उत्तर इतिहासात आहे. कारण मोटारसायकलची विद्युत्‌योजना एकाच वेळी ठरलेली नाही. ती टप्प्याटप्प्याने घडली, आणि प्रत्येक टप्प्याने आपल्याला मानवेल अशी बॅटरी मागितली.

विजेचा साठा करण्याची कल्पना मोटारसायकलहून फार जुनी आहे. अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली धातूंच्या चकत्यांची चळत रचून विजेचा सतत प्रवाह मिळविला. परंतु ती चळत एकदा संपली की संपली. रिकामा झालेला घट पुन्हा भरता येईल अशी व्यवहार्य युक्ती १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञास साधली. शिशाचे दोन पत्रे, त्यांमध्ये रबराच्या पट्ट्या, त्या सर्वांची गुंडाळी, आणि ती गुंडाळी सौम्य गंधकाम्लात बुडविलेली, एवढीच त्याची सामग्री होती. बाहेरून वीज दिली की एका पत्र्यावर शिशाचा डायऑक्साइड तयार होतो व दुसऱ्यावर शुद्ध सच्छिद्र शिसे राहते. वीज घेऊ लागले की दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बनते आणि आम्ल पातळ होते. पुन्हा वीज दिली की ही क्रिया उलटते. घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट येतो. असे तीन घट जोडले की ६ व्होल्टची बॅटरी होते, सहा जोडले की १२ व्होल्टची. आज दुकानात मिळणाऱ्या शिशाच्या बॅटरीचे मूळ तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

प्लांतेच्या घटात एक अडचण होती. पत्रे ‘तयार’ होण्यासाठी ते वारंवार भरावे व रिकामे करावे लागत, आणि त्यात फार काळ जाई. कामिल फोर याने १८८१ मध्ये पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप चढवून ती अडचण दूर केली. त्याच वर्षी फोरचे भरलेले घट पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन यांच्याकडे, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन यांच्याकडे, पाठविण्यात आले. वीज पेटीत घालून गावोगाव नेता येते, ही गोष्ट तेव्हा लोकांना अद्भुत वाटली. लेपाच्या पत्र्यांनी बॅटरी हलकी व स्वस्त झाली. परंतु लेप हा लेपच. धक्क्यांनी तो सुटतो, खाली साचतो, आणि साचलेला गाळ पत्र्यांना भिडला की घट निकामी होतो. हादरणाऱ्या दुचाकीवर बॅटरीचे आयुष्य मोटारीतल्यापेक्षा कमी का ठरते, याचे एक कारण या लेपात आहे.

प्रारंभीच्या मोटारसायकलींनी बॅटरीवर फारसा विश्वास टाकला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८८५ मध्ये गोटलीब डाइमलरने जी एंजिनाची दुचाकी बनविली, तिच्यात ठिणगीच नव्हती. तापलेल्या नळीने इंधन पेटत असे. १८९५ च्या सुमारास फ्रान्समधील द दियों-बुतों यांच्या तीनचाकीने बॅटरी व कॉइल यांची ठिणगी वापरली. परंतु त्या काळी बॅटरी भरून घेण्याची सोय गावोगाव नव्हती, आणि वाटेत ती संपली म्हणजे वाहन ढकलण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून १८९७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने द दियों-बुतों तीनचाकीला मॅग्नेटो बसवून दाखविला, आणि १९०२ मध्ये त्याच कारखान्यातील गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, तेव्हा मोटारसायकलवाल्यांनी त्याचे स्वागत केले. मॅग्नेटो म्हणजे चुंबकावर चालणारे छोटे जनित्र. एंजिन फिरले की तो फिरतो आणि ठिणगी देतो. त्याला साठ्याची गरज नाही. दिव्याचे काम कार्बाइडच्या वायूवर भागे. अशा रीतीने मोटारसायकलने बॅटरीला काही वर्षे जवळजवळ घराबाहेरच ठेवले.

तिला सन्मानाने परत आणण्याचा एक धाडसी प्रयत्न १९१४ मध्ये अमेरिकेत झाला. ‘इंडियन’ मोटारसायकली बनविणाऱ्या हेंडी कंपनीने ‘हेंडी स्पेशल’ नावाची गाडी काढली. तिला विजेचे दिवे होते आणि, त्याहून विशेष म्हणजे, विजेचा स्टार्टर होता. मोटारींच्या जगात कॅडिलॅकने दोनच वर्षांपूर्वी, १९१२ मध्ये, स्टार्टर आणला होता; दुचाकीने तोच मान मिळवावा, ही इच्छा समजण्यासारखी होती. परंतु तत्कालीन बॅटऱ्यांना तो भार सोसला नाही. त्या लवकर रिकाम्या होत आणि पुरेशा भरत नसत. ती गाडी त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. जुन्या वाहनासाठी बॅटरी निवडणाऱ्याने या प्रसंगातून एवढेच घ्यावे की, बॅटरी, तिच्याकडून मागितलेले काम आणि तिला भरणारे जनित्र या तिघांचा मेळ बसला पाहिजे. तिघांपैकी एकच बदलून भागत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर विजेच्या दिव्यांची मागणी वाढली आणि डायनॅमो दुचाकीवर आला. इंग्लंडमध्ये मॅग्नेटो व डायनॅमो एकत्र बसविलेले ‘मॅगडायनो’ नावाचे यंत्र सर्वत्र दिसू लागले. त्यात ठिणगी मॅग्नेटोची, आणि दिवे व हॉर्न बॅटरीचे, अशी कामाची वाटणी होती. बॅटरी मेली तरी एंजिन चाले. फक्त रात्री पंचाईत होई. या पिढीची बॅटरी ६ व्होल्टची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ कारखान्यांनी मॅग्नेटो काढून टाकला आणि ठिणगीचे कामही बॅटरी व कॉइल यांच्यावर सोपविले. आता बॅटरी मेली तर वाहनही थांबणार, हे ओळखून काही ब्रिटिश गाड्यांच्या चावीत ‘आणीबाणी’ची एक खूण ठेवलेली असे. चावी तेथे फिरविली की जनित्राची वीज ठिणगीकडे वळविली जाई आणि रिकाम्या बॅटरीवरही एंजिन सुरू करता येई. बॅटरी किती बेभरवशाची मानली जात होती, याचा तो कारखान्यांनीच दिलेला कबुलीजबाब होय.

भारतातील जुन्या मोटारसायकली बहुतांशी याच पिढीच्या वारस आहेत. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रॉयल एनफील्ड यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि बुलेट मद्रासेत बनू लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्यांचे उत्पादन सुरू केले. १९७३ पासून त्याच कारखान्यातील गाड्या येझ्दी या नावाने विकल्या गेल्या, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेली राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीने काढली. या सर्वांच्या प्रारंभीच्या नमुन्यांत ६ व्होल्टची योजना होती. बॅटरीचा उद्योगही देशात उभा राहिला होता. बंगालमधील श्यामनगर येथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची कंपनी नावे बदलत बदलत १९९५ पासून एक्साइड इंडस्ट्रीज म्हणून ओळखली जाते. पुण्याजवळ चिंचवड येथे तिचा कारखाना १९६९ मध्ये निघाला. वाहन बनविणारा कारखाना काळाच्या ओघात नाहीसा झाला, पण बॅटरी बनविणारा राहिला, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे जुन्या वाहनाला बॅटरी मिळू शकते. मात्र कोणती मागावी हे मालकाला ठाऊक असावे लागते.

६ व्होल्ट जाऊन १२ व्होल्ट का आले, हे साध्या गुणाकार-भागाकाराने समजते. ३५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर प्रवाह ओढतो. १२ व्होल्टवर त्याला ३ अँपिअर पुरतात. प्रवाह निम्मा झाला की तारा बारीक चालतात, आणि गंजलेल्या जोडांत वाया जाणारी वीजही घटते. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीचा दिवा पिवळट दिसतो तो पुष्कळदा बॅटरीच्या दोषाने नव्हे, तर चावी, जोड आणि सांगाड्याची तार यांत दाब गळून गेल्याने. नवी बॅटरी घेण्यापूर्वी हे जोड घासून स्वच्छ केले तर कित्येकांचा खर्च वाचेल. पुढे विजेच्या स्टार्टरने १२ व्होल्टचा पक्ष निर्णायक केला. हार्ले-डेव्हिडसनने १९६५ मध्ये आणि होंडाने १९६९ च्या ७५० सी.सी. गाडीत स्टार्टर दिला. हेंडी स्पेशलचे स्वप्न अर्ध्या शतकानंतर खरे झाले, कारण तोवर बॅटरी आणि जनित्र दोन्ही त्या कामाला योग्य झाली होती.

याच सुमारास बॅटरीच्या आतही बदल घडत होते. जुन्या पद्धतीच्या बॅटरीत आम्ल मोकळे असते. ती अधिक भरली गेली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू निघतात, पातळी उतरते, आणि झाकणे काढून शुद्ध केलेले पाणी घालावे लागते. जर्मनीत ओटो याखे यांनी १९५७ मध्ये आम्लाचा गाढा खळीसारखा गोळा करून न सांडणारी बॅटरी सिद्ध केली. त्यानंतर १९७० च्या दशकात अमेरिकेतील गेट्स कंपनीत काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून धरण्याची पद्धत निघाली. या बंद बॅटरीत वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात रूपांतरित होतात. पाणी घालावे लागत नाही, आम्ल ठिबकत नाही. १९९७ मध्ये जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये लिथियम-लोह-फॉस्फेट या द्रव्याचा वापर प्रसिद्ध केला आणि त्यातून अतिशय हलक्या बॅटऱ्या निर्माण झाल्या. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा बहुमान वाटून मिळाला.

दुकानाच्या फळीवर आज हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात, आणि जे सर्वांत अलीकडचे ते सर्वांत चांगले, असा समज सहज होतो. जुन्या वाहनाच्या बाबतीत तो फसवा आहे. डायनॅमोच्या जुन्या रेग्युलेटरचे संपर्कबिंदू झिजले किंवा फ्लायव्हील मॅग्नेटोच्या हलक्या गाडीत दाबावर नीट बंधनच नसले, तर बॅटरी मर्यादेबाहेर भरली जाते. मोकळ्या आम्लाची बॅटरी हा अत्याचार पाण्याच्या रूपाने सोसते. मालक महिन्यातून एकदा पाणी घालतो आणि झालेली झीज काही अंशी भरून निघते. बंद बॅटरीला गेलेले पाणी परत देता येत नाही. ती आतून कोरडी पडते आणि थोड्याच काळात निकामी होते. लिथियमची बॅटरी तर दाबाच्या बाबतीत सर्वांत कडक आहे. तिला बंधनात राहणारे नवे रेग्युलेटर दिल्याशिवाय जुन्या गाडीत बसविणे म्हणजे पैसा आणि सुरक्षितता दोन्ही पणास लावणे होय.

म्हणून निवडीचा क्रम दुकानात नव्हे, तर वाहनाजवळ सुरू झाला पाहिजे. प्रथम दिव्यांवरील आणि हॉर्नवरील आकडे पाहून योजना ६ व्होल्टची की १२ व्होल्टची हे निश्चित करावे. एखाद्या पूर्वीच्या मालकाने ती बदललेली असण्याचा संभव असतो. ६ व्होल्टच्या गाडीत केवळ १२ व्होल्टची बॅटरी ठेवल्याने सुधारणा होत नाही. दिवे जळतात, आणि जुना डायनॅमो त्या बॅटरीला भरू शकत नाही. दुसरे, चांगली बॅटरी तात्पुरती जोडून एंजिन मध्यम गतीने चालवावे आणि बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. १२ व्होल्टच्या योजनेत तो साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आत राहिला, तर बंद बॅटरी बिनदिक्कत घ्यावी. ६ व्होल्टच्या योजनेत याच्या निम्मा आकडा धरावा. दाब १५ व्होल्टच्या वर चढत असेल तर आधी रेग्युलेटर दुरुस्त करावा. ते शक्य नसेल तर मोकळ्या आम्लाचीच बॅटरी घ्यावी. आणि दाब मुळीच वाढत नसेल तर दोष बॅटरीचा नाही. नवी बॅटरीही काही दिवसांनी उतरेल.

तिसरी गोष्ट अँपिअर-तासांची. हा आकडा म्हणजे बॅटरीच्या साठ्याचे माप. मूळ मापाच्या जवळ राहणे इष्ट. फार लहान बॅटरी जनित्राच्या जोरापुढे लवकर उकळते. फार मोठी घेतली तर मंद गतीच्या फेऱ्यांत लहान जनित्राला ती पुरती भरता येत नाही, आणि अर्धवट भरलेल्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. चौथी गोष्ट, पेटीची लांबी-रुंदी-उंची आणि टोकांची दिशा. बॅटरी हलली की लेप सुटतो, म्हणून ती घट्ट बसली पाहिजे. पाचवी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. युद्धोत्तर काळातील बऱ्याच ब्रिटिश मोटारसायकलींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या सवयीने ऋण टोक सांगाड्याला लावले तर रेक्टिफायर क्षणात जळतो. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी कोणती तार कोठे होती याची खूण करून ठेवणे, ही सर्वांत स्वस्त खबरदारी आहे.

मोकळ्या आम्लाची बॅटरी घेतली तर आणखी दोन पथ्ये पाळावी लागतात. तिची वाफ बाहेर नेणारी रबरी नळी साखळी व सायलेन्सर यांपासून दूर, खाली जमिनीकडे सोडावी. नाहीतर आम्ल सांगाडाच खाऊन टाकते. आम्ल भरल्यावर ती लगेच गाडीत न ठेवता साठ्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या प्रवाहावर, म्हणजे १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीस सुमारे १.२ अँपिअरवर, सावकाश भरून घ्यावी. पहिल्या दिवशी केलेली घाई तिचे आयुष्य घटविते. आणि वाहन महिनोन्‌महिने उभे राहणार असेल तर बॅटरी काढून अधूनमधून भरत जावी. रिकामी ठेवलेली शिशाची बॅटरी विश्रांती घेत नाही, मरत असते.

नवी बॅटरी बसली की जुनीचे काय होते, हा प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. तिच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असतो. शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, हा त्या धातूचा मोठा गुण. परंतु ते काम वस्तीतल्या उघड्या भट्टीवर झाले तर धूर आणि माती यांतून ते मुलांच्या रक्तात जाते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्यांपैकी २७ कोटींहून अधिक मुले भारतातील आहेत. निष्काळजीपणे वितळविलेल्या जुन्या बॅटऱ्या हे त्याचे एक प्रमुख कारण त्या अहवालात दिलेले आहे. भारत सरकारने २००१ मध्ये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम केले आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकली. परंतु नियमाचा आरंभ ग्राहकाच्या हातून होतो. भंगारवाल्याने चार पैसे अधिक देऊ केले तरी जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्यालाच परत करावी आणि तिची वजावट नव्या बॅटरीच्या बिलात लिहून घ्यावी.

प्लांतेच्या शिशाच्या गुंडाळीला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. या काळात एंजिने बदलली, कारखाने उघडले आणि बंद पडले, पण आसनाखालच्या त्या पेटीतील शिसे व आम्ल अजून आपले काम करीत आहेत. जे वाहन ज्या पिढीचे, त्याला त्या पिढीची शिस्त मानवेल अशी बॅटरी द्यावी, आणि जुनी पेटी जेथून आली त्या वाटेनेच परत पाठवावी. एवढे सांभाळले, तर मद्रासची बुलेट किंवा म्हैसूरची येझ्दी रात्रीच्या रस्त्यावर आपला दिवा आणखी कित्येक वर्षे लावीत राहील.